शेंग आली म्हणजे नत्र आलं असं नाही: खाणीच्या ढिगाऱ्यावर कोणतं झाड लावायचं?

हे आपल्या ताज्या भागाचं लेखी रूप. लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकताना झाडांची नावं आणि आकडे निसटून जातात, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून या वेळी बोललेलं जरा नीट लावून लिहिलंय. सेव्ह करून ठेवा, कामाला येईल.

विषय ऐकून काही जणांनी विचारलं, "ठाकुर्लीत राहणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला खाणींचं काय पडलंय?" प्रश्न बरोबर आहे. तर सुरुवात इथूनच करू.

ठाकुर्लीत रेल्वेचं पॉवरहाऊस होतं, हे जुन्या लोकांना माहीत आहे. चोळ्याचं पॉवरहाऊस. १९२९ साली ते सुरू झालं, कोळशावर चालायचं आणि त्याच्या विजेवर लोकल धावायच्या. ते कधीचंच बंद पडलं. पण आपलं कोळशाशी नातं तुटलं नाही, फक्त लांब गेलं. चंद्रपूरहून एक हाय व्होल्टेज डीसी लाइन निघते, ती साधारण साडेसातशे किलोमीटर येऊन कल्याणच्या पलीकडे, भिवंडी तालुक्यात पडघ्याला संपते. १९९९ पासून ती चालू आहे आणि १५०० मेगावॅट वीज वाहून आणू शकते. म्हणजे मे महिन्यात आपण एसी लावतो तेव्हा त्यातली काही वीज चंद्रपूरच्या कोळशाची असते. तो कोळसा काढायला तिथली जमीन उलटीपालटी केली जाते. त्या जमिनीचं पुढे काय होतं, हा आजचा विषय. आणि त्यातही एकच नेमका प्रश्न: तिथे परत हिरवळ आणायची तर शेंगवर्गातली कोणती झाडं निवडायची, आणि कोणती टाळायची?

ढिगारा म्हणजे माती नव्हे

उघड्या खाणीत कोळसा खाली असतो आणि त्याच्या डोक्यावर माती, मुरूम, वाळूचा दगड, शेल असं बरंच काही असतं. ते सगळं आधी खणून बाजूला टाकतात. त्याला तिथे सगळे ओव्हरबर्डन किंवा नुसतं 'ओबी' म्हणतात. पद्मापूर, दुर्गापूर, घुग्घुस, सास्ती या भागात गेलात तर सपाट मुलखात अचानक टेकड्या दिसतात. त्या देवानं केलेल्या नाहीत, डंपरनं केलेल्या आहेत.

आता या टेकडीवर बी टाकलं तर काय होतं? खालचा दगड वर आलेला असतो. त्यात सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतो, म्हणून पाणी धरून ठेवलं जात नाही. डंपर आणि डोझर फिरून फिरून माथा रस्त्यासारखा घट्ट झालेला असतो, मुळं आत शिरत नाहीत. उतारावर उलटं, सगळं सैल, पहिल्या पावसात वाहून जाणारं. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि काळा शेल त्याहून तापतो. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे नत्र, नायट्रोजन.

इथे एक हिशेब सांगतो. ब्रिटनमध्ये लिव्हरपूल विद्यापीठाचे ए. डी. ब्रॅडशॉ नावाचे शास्त्रज्ञ होते, खाणींच्या पडीक जमिनी परत जिवंत करण्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांच्या कामातून आलेला ढोबळ आकडा असा: एखादी जागा बाहेरून खत न घालता आपली आपण हिरवी राहायची असेल तर मातीत हेक्टरी साधारण १००० किलो नत्र साठलेलं लागतं. कारण हे नत्र पाल्यापाचोळ्यात, मुळांत अडकलेलं असतं आणि दरवर्षी त्यातला थोडाच भाग कुजून झाडांना मिळतो.

ताज्या ढिगाऱ्यावर झाडांना वापरता येईल असं नत्र जवळपास शून्य धरा. पाऊस आणि धुळीतून दरवर्षी हेक्टरी १० किलो आलं तर १००० किलो व्हायला १०० वर्षं. शेंगवर्गीय वनस्पतींनी वर्षाला ५० किलो जमा केलं तर २० वर्षं. ५० हा आकडा चांगल्या जमिनीत सहज गाठला जातो, ढिगाऱ्यावर त्यासाठी मेहनत लागते. पण फरक लक्षात आला ना? शंभर आणि वीस. एक पणतू बघणार, दुसरं आपण स्वतः बघू शकतो.

युरिया टाकून नाही का भागणार? टाकतात. पण ज्या मातीत धरून ठेवायला काही नाही, तिथे युरिया पावसाबरोबर नाल्यात जातो. दरवर्षी टाकत राहावा लागतो. ज्या दिवशी कंत्राट संपेल त्या दिवशी हिरवळही संपायला लागते.

गाठीत काय चालतं

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो झाडाला खाता येत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. खताचा कारखाना त्यांना तोडायला प्रचंड दाब आणि चारशे-पाचशे अंश तापमान वापरतो. हेच काम रायझोबियम नावाचे जिवाणू मातीच्या साध्या तापमानाला करतात. चवळी, मटकी, ताग, करंज यांच्या मुळांवर छोट्या गाठी येतात, त्या गाठींत हे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात. पानं गळली, मुळं कुजली की त्यातलं नत्र मातीत उतरतं आणि शेजारच्यालाही मिळतं.

हे काम चालू आहे की नाही, ते कुणालाही बघता येतं. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एक रोप मुळासकट हळूच उपटा, ओढू नका, खुरप्यानं माती मोकळी करून काढा. गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी किंवा लालसर दिसली तर काम चालू आहे. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी असेल तर ती गाठ अजून कामाला लागलेली नाही किंवा थकलेली आहे. गुलाबी रंग येतो तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलत भावामुळे. अजून एक खूण: रायझोबियमची गाठ बोटानं सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच फुगलेला भाग असते, ती सुटत नाही.

पहिली चाळणी: गाठी येतात का?

आता मुख्य मुद्दा. शेंग येणारं प्रत्येक झाड नत्र जमा करत नाही. हे मला वाचून खरंच धक्का बसला होता, कारण शाळेत आपण "द्विदल, शेंगा, नत्र" हे एका दमात पाठ केलेलं असतं.

गुलमोहराला केवढी मोठी शेंग येते. गाठी येत नाहीत. सोनमोहराला येत नाहीत. बहाव्याला नाहीत. चिंचेला नाहीत. दसऱ्याला आपण ज्याची पानं सोनं म्हणून वाटतो त्या आपट्याला नाहीत. पावसाळ्यात आपण भाजी करतो तो टाकळा, विदर्भातला तरोटा, त्यालाही नाहीत. आणि खाणींच्या, रस्त्यांच्या कडेच्या लागवडीत हमखास सापडणारा कशिद, त्यालाही नाहीत.

मग ही झाडं वाईट का? अजिबात नाही. कशिद चिवट आहे, सावली देतो, पाला भरपूर पाडतो. बहावा तर आपलाच आहे. पण कागदावर "शेंगवर्गीय वृक्ष: ६० टक्के" असं लिहिलंय आणि त्यातली बहुतेक कशिद, गुलमोहर आणि सोनमोहर असतील, तर नत्राच्या हिशेबात ते साठ टक्के जवळपास शून्य धरायचे. आमच्या कामात याला म्हणतात, फील्डचं नाव बघून आत काय डेटा आहे ते गृहीत धरणं. आत उघडून बघावं लागतं.

गाठी येणारी, आपल्या भागातली नावं लिहून घ्या. मोठी झाडं: शिरीष, किन्हई, करंज, खैर, बाभूळ, हिवर, पळस, पांगारा, शिसव. मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा, पण सगळीकडे लावला जाणारा शिसू. बाहेरून आलेली: सुबाभूळ, गिरिपुष्प म्हणजे आपली उंदीरमारी, ऑस्ट्रेलियन अकेशिया. छोट्या वनस्पती: ताग, धैंचा, शेवरी, कुळीथ, मटकी, चवळी, उन्हाळी म्हणजे शरपुंखा, आणि चाऱ्यासाठी स्टायलो.

दुसरी चाळणी: जोडीदार हजर आहे का?

गाठी येण्याची क्षमता असणं वेगळं आणि गाठी येणं वेगळं. शेतात पिढ्यान्‌पिढ्या कडधान्यं घेतलेली असतात, त्यामुळे रायझोबियम मातीत आधीच असतो. तीस मीटर खालून आलेल्या दगडात तो कुठून असणार?

शिवाय प्रत्येक रायझोबियम प्रत्येक झाडाला चालत नाही. कृषीचे विद्यार्थी हे गट पाठ करतात. चवळी गटाचा जिवाणू चवळी, मूग, उडीद, मटकी, तूर, भुईमूग, ताग या सगळ्यांना चालतो. हरभऱ्याला वेगळा लागतो. सोयाबीनला वेगळा. म्हणून पहिल्या वर्षी ढिगाऱ्यावर चवळी गटातल्या वनस्पती टाकण्यात शहाणपण आहे. एका प्रकारच्या जिवाणूवर अनेकांचं भागतं.

बियाण्याला जिवाणू लावायची पद्धत कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. २५० ग्रॅमचं रायझोबियमचं पाकीट साधारण १० किलो बियाण्याला. गुळाच्या गार पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं. उन्हात ठेवलं की जिवाणू मेले. झाडांच्या बाबतीत रोपवाटिकेतच पिशवीत त्या जातीच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती घातली तरी जोडीदार सोबत जातो.

यासाठीच खणायच्या आधी वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवणं फार मोलाचं असतं. त्यात जिवाणू, बुरशी, गवताचं बी सगळं असतं. पण तीच माती दहा-पंधरा फूट उंच रचून वर्षानुवर्षं ठेवली तर आतलं जीवन गुदमरून जातं. ती लवकर पसरायला हवी, नाहीतर राखून ठेवल्याचा अर्धा फायदा गेला.

नागपूरच्या नीरी संस्थेनं नेमकं याच गोष्टीवर काम केलं. गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यातलं डोंगरी बुजुर्ग, इथल्या मॅंगनीज खाणींच्या ढिगाऱ्यांवर. त्यांनी नुसती रोपं लावली नाहीत. साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड खड्ड्यात घातला, म्हणजे सेंद्रिय पदार्थाची सोय झाली. रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर दिले, म्हणजे नत्राची सोय झाली. आणि मायकोरायझा नावाची बुरशी दिली. ही बुरशी मुळांचे हात लांब करते, दूरचं स्फुरद आणि पाणी आणून देते. अशा तयारीनंतर तिथे शिसू, सागवान, कडुलिंब, बांबू अशी झाडं उभी राहिली. यात शेंगवर्गीय आणि बिगरशेंगवर्गीय दोन्ही आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तिसरी चाळणी: जमीन कोणती?

गाठींना स्फुरद लागतं, मॉलिब्डेनम लागतं, लोह लागतं. स्फुरद नसेल तर शेंगवर्गीय रोप जगतं पण गाठी बारीक आणि रिकाम्या राहतात. म्हणून नत्राचं खत नाही दिलं तरी स्फुरद सुरुवातीला द्यावंच लागतं. उलट सुरुवातीलाच भरपूर युरिया दिला तर रोप गाठी करायचा आळस करतं. आयतं मिळतंय तर साखर कशाला खर्चायची?

मग आम्ल की अल्कधर्मी, हे बघायचं. चंद्रपूर आणि गोवा यांना एकच यादी लावता येत नाही. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत लोहखनिजाच्या खाणी आहेत. तिथला ढिगारा जांभ्याचा, लालभडक, आम्ल. त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला पकडून ठेवतात. वर पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथे सुबाभूळ लावली तर ती रडतरडत जगेल, कारण तिला चुन्याची, आम्ल नसलेली जमीन आवडते. ऑस्ट्रेलियन अकेशिया मात्र तिथे मजेत वाढते. म्हणूनच गोव्याच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर ती जागोजाग दिसते.

चंद्रपूरकडे पाऊस गोव्याच्या निम्म्याहून कमी आणि चार महिन्यांत आटोपणारा. पुढचे आठ महिने रोपानं स्वतःच्या हिमतीवर काढायचे. तिथे खैर, हिवर, बाभूळ, शिरीष, पळस ही कोरड्याला सरावलेली मंडळी बरी. शिसू उतारावर चांगला, कारण मुळांतून नवे फुटवे काढत तो माती बांधतो. पळस हळू वाढतो, पण एकदा लागला की उन्हाळ्याला दाद देत नाही.

बी पेरणार असाल तर एक सूचना. शिरीष, बाभूळ, सुबाभूळ यांच्या बियांचं कवच कडक असतं. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर भिजवलं की उगवण सुधारते. गावाकडची जुनी पद्धत याहून सोपी आहे: शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात, लेंड्यांतून पडलेलं बी आपोआप तयार झालेलं असतं.

चौथी चाळणी: हे झाड पुढे जागा सोडेल का?

मला सगळ्यात महत्त्वाची ही वाटते, आणि सगळ्यात कमी बघितली जाते तीही हीच.

ढिगाऱ्यावर पहिलं येणारं झाड पाहुणा असायला हवं. त्यानं माती करावी, सावली करावी आणि दहा-वीस वर्षांत पुढच्या झाडांना वाट द्यावी. पण ज्या गुणांमुळे एखादं झाड दगडावर तगतं, म्हणजे भरभर वाढ, भरपूर बी, कापलं तरी फुटणं, त्याच गुणांमुळे ते हटायचं नाव घेत नाही.

अमेरिकेत हा धडा मोठ्या किमतीला मिळाला. १९७७ साली तिथे उघड्या खाणींच्या पुनर्भरणाचा कायदा आला. कंपनीनं पैसे तारण ठेवायचे, जमीन सारखी करून हिरवी करायची आणि काही वर्षं ती हिरवी राहिली की पैसे परत. हेतू चांगला होता. पण अपालाचियाच्या डोंगरांत कंपन्यांनी सोपी वाट धरली. जमीन दाबून गुळगुळीत केली आणि त्यावर दाट वाढणारं फेस्क्यू गवत आणि लेस्पेडेझा नावाची पूर्व आशियातली शेंगवर्गीय वनस्पती पसरली. दोन-तीन वर्षांत डोंगर हिरवागार झाला, तपासणी पास झाली. पण त्या जागी पूर्वी जंगल होतं, ते परत येईना. दाट गवताखाली झाडाच्या रोपाला उजेड नाही, पाणी नाही, आणि खालची दाबलेली जमीन मुळं आत घेत नाही. दशकं उलटली तरी तिथे गवत आणि लेस्पेडेझाच. शेवटी तिथल्या वनशास्त्रज्ञांनी पद्धत उलटी केली: वरचा साधारण चार फूट थर सैल ठेवा, आणि कमी उंचीच्या, कमी दाटीच्या शेंगवर्गीय वनस्पती विरळ पेरा. सुरुवातीला डोंगर जरा उघडाबोडका दिसेल, दिसू द्या.

आपल्याकडेही अशी उदाहरणं आहेत. सुबाभूळ एकेकाळी चमत्कारी झाड म्हणून आली. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं चाऱ्यासाठी तिचा मोठा प्रसार केला आणि कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा उपयोगही झाला. पण मोकळ्या जागेत, जिथे कापायला आणि चारायला कुणी नाही, तिथे ती बी पाडत पसरत जाते. खाणीचा ढिगारा म्हणजे अशीच बेवारशी जागा.

विलायती बाभूळ, जिला वेडी बाभूळही म्हणतात, तीही नत्र जमा करते. पण तिची काटेरी जाळी इतकी दाट होते की आत माणूस शिरत नाही. आणि जिथे माणूस शिरत नाही तिथे दुसरं कुणी शिरतं. ताडोबा तिथून लांब नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या आणि दुर्गापूरच्या परिसरात वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं गेली. त्यानंतर वीजकेंद्र आणि खाणींच्या आवारातली काटेरी झुडपं काढायचा विषय ऐरणीवर आला. ढिगाऱ्यावर काय वाढतंय हा तिथल्या माणसासाठी सौंदर्याचा प्रश्न नाही. रात्रपाळीहून घरी जाताना रस्त्याच्या कडेला काय दडलेलं असू शकतं, याचा प्रश्न आहे.

गोव्याच्या अकेशियाची गोष्ट मधली आहे. तिनं उतार धरून ठेवले, शेतात उतरणारा लाल गाळ कमी करायला मदत केली, हे तिचं श्रेय. पण तिची पानं चामड्यासारखी, लवकर कुजत नाहीत, खाली जाड थर साचतो, उन्हाळ्यात तो पेटतो, आणि त्यातून दुसरं रोप वर येणं अवघड होतं. म्हणून तिथे शहाणपणाचं काम म्हणजे अकेशिया काही वर्षांनी विरळ करून मध्ये काजू, बांबू आणि स्थानिक झाडं घालणं. साखळीजवळच्या जुन्या खाणीवर अकेशियानंतर काजूकडे जाण्याचे प्रयोग झालेत. पाहुण्याला निरोप द्यायची तारीख लागवडीच्या वेळीच ठरवली पाहिजे.

पाचवी चाळणी: जमीन कुणाच्या उपयोगाची?

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की खाणपट्टा देताना अट घाला: काम संपल्यावर खाणवाल्यानं तिथे परत गवत लावायचं, आणि जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांना योग्य अशा स्थितीला आणायची. यातला 'चारा' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. खाण यायच्या आधी त्या जमिनीवर कुणाची तरी गुरं चरत होती.

चारा हवा तर स्टायलो आणि गवत मिसळून पेरणं हा चांगला मार्ग. स्टायलोच्या काही जाती कमी स्फुरदाच्या, आम्ल जमिनीतही तग धरतात आणि जनावरं ती आवडीनं खातात. सुबाभळीचा पाला द्यायचा तर बेतानं, त्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, फार खाल्लं तर जनावराला बाधतं. उंदीरमारीचा पाला सवय नसलेली गुरं तोंडात घेत नाहीत. आणि ढिगाऱ्यात मॅंगनीज किंवा इतर धातू असतील तर गुरं सोडायच्या आधी पाल्याची प्रयोगशाळेत तपासणी हवीच.

मग यादी कशी असावी?

एका श्रोत्यानं मेसेज केला होता, "दादा, एकच बेस्ट झाड सांग ना." नाही सांगता येत. सिंगरौलीच्या जयंत कोळसा खाणीवर बनारस हिंदू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी देशी झाडं शेजारी शेजारी लावून माती कशी बदलते ते बघितलं. शिरीष होता, किन्हई होता, सोबत सागवान आणि बांबू. दिसलं असं की सगळी शेंगवर्गीय झाडं माती सारख्या वेगानं सुधारत नाहीत. एकाच्या भरवशावर राहणं म्हणजे अख्खं ॲप एका सर्व्हरवर चालवणं. आणि रोग आला तर? १९८० च्या दशकाच्या शेवटी सुबाभळीवर सिलिड नावाची बारीक कीड भारतात आली, तेव्हा नुसती सुबाभूळ लावणाऱ्यांना हे चांगलंच कळलं.

माझ्या समजुतीनं क्रम असा लागतो. आधी जमीन सैल करणं आणि वरची माती पसरणं. पहिल्या पावसात ताग, कुळीथ, मटकी, स्टायलो विरळ, जिवाणू लावून, सोबत स्थानिक गवत. ताग फुलात आला की तिथेच आडवा पाडायचा, हिरवळीचं खत झालं. त्याच किंवा पुढच्या पावसाळ्यात गाठी येणारी तीन-चार देशी झाडं आणि त्यांच्यामध्ये बांबू, कडुलिंब, मोह अशी बिगरशेंगवर्गीय. नत्र कमावणारे आहेत तसे ते वापरणारेही हवेत, नाहीतर जंगल होत नाही. बाहेरचं भरभर वाढणारं झाड फक्त जिथे उतार घसरतोय तिथे, आणि ते कधी विरळ करायचं ते लिहून ठेवून.

आपण इथे बसून काय करणार?

थोडं करता येतं. खाणीला परवानगी देताना पर्यावरणाच्या अटी घातल्या जातात. त्या पाळल्याचे अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावे लागतात, आणि परवानग्यांची बरीच कागदपत्रं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर मोबाइलवरूनही उघडता येतात. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या एस्क्रो खात्यात पैसे ठेवणं बंधनकारक आहे. या कागदांत "इतके लाख रोपं लावली" असं वाक्य नेहमी सापडतं. ते वाचून समाधान मानू नका. पाच प्रश्न विचारा: जाती कोणत्या? त्यातल्या किती जातींना गाठी येतात? जिवाणू दिले का? तीन वर्षांनी किती जगली? आणि भरभर वाढणारी झाडं काढून स्थानिक कधी लावणार?

तुमचे कुणी नातेवाईक चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर किंवा गोव्याकडे खाणीजवळ राहत असतील तर हा भाग त्यांना पाठवा. जनसुनावणीत माइक हातात आला की "झाडं लावा" एवढंच म्हणण्यापेक्षा "कशिद मोजू नका, शिरीष-करंज-खैर किती ते सांगा" असं म्हणणारा एक माणूस असला तरी समोरच्याला कागद पुन्हा उघडावा लागतो.

आणि पुढच्या वेळी पावसाळ्यात ठाकुर्ली-कल्याणच्या आसपास मोकळ्या जागेत उन्हाळीचं किंवा रानमुगाचं रोप दिसलं तर गाठ फोडून आतला रंग बघा. फोटो पाठवा, पुढच्या भागात दाखवू. ऐकत राहा, भेटू लवकरच!